पुस्तक पुण्याचं, वर्ष गावाचं: शाळेचा अभ्यासक्रम स्वतः कसा बांधावा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की मी आधी बस्करपट्ट्या मोजतो. जूनमध्ये सहा लागतात, नोव्हेंबरात चार पुरतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेऊन झालेली असते, आणि आईबापांबरोबर लेकरंही उसाच्या फडावर जातात. ती परत येतात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या मागेपुढे. मधल्या काळात पुस्तक मात्र थांबत नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पाचवीचे अपूर्णांक मी नोव्हेंबरात शिकवायचो, कारण पुस्तकात तो धडा साधारण त्याच सुमारास यायचा. गेलेली लेकरं एप्रिलमध्ये आली, संकलित चाचणी दिली आणि सहावीत गेली. पुढे त्यातल्या एकानं १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ असं मांडलं. वरचा वरच्यात, खालचा खालच्यात. चूक त्याची नव्हती. मी क्रम न बघता धडे वाटत गेलो होतो. हा लेख त्या चुकीतून आलेला आहे. नवे शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि 'शाळेत नेमकं काय शिकवायचं हे ठरवतं कोण?' असं विचारणारे पालक, अशा तिघांसाठी तो लिहिला आहे.

पायरी १: कागदांची उतरंड ओळखा

बोलताना आपण 'अभ्यासक्रम' म्हणतो आणि हातात पुस्तक धरतो. पुस्तक हे उतरंडीतलं खालचं मडकं. सगळ्यात वर धोरण असतं, सध्या २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्याखाली राष्ट्रीय आराखडा. पायाभूत स्तराचा २०२२ मध्ये आला, शालेय शिक्षणाचा २०२३ मध्ये. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत असल्यानं राज्य आपला आराखडा वेगळा करतं. ते काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद बघते. त्यानंतर विषयवार पाठ्यक्रम, आणि मग १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीचं पुस्तक. नव्या धोरणाप्रमाणे पहिलीचं पुस्तक २०२५-२६ पासून बदललं.

राज्य आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला होता. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी विचारलं, कुणी पाठवली का सूचना? सगळे चहाकडे बघायला लागले. मीही पाठवली नव्हती.

वर बसून निर्णय कसे होतात, याचं उत्तम उदाहरण २०१९ च्या दुसरीच्या गणिताचं आहे. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'बावन्न'च्या जोडीला 'पन्नास दोन' असं वाचन आलं आणि राज्यभर टिंगल झाली. त्यामागची अडचण खरी होती, आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी ती जाहीरपणे मांडलीही होती. आपण लिहिताना दशक आधी लिहितो, बोलताना एकक आधी बोलतो. त्यामुळे 'बावन्न' ऐकून पोरगं २५ लिहितं. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू बोलणारं मूल 'इरवै ओकटि' म्हणतं, म्हणजे वीस एकच. उमरग्याकडचं कानडी मूल 'इप्पत्तोंदु', तेही वीस-एक. त्या मुलांना नवी रीत घरची वाटली असती. पण शिक्षकांशी आणि पालकांशी आधी बोलणं झालं नाही की बरा बदलसुद्धा विनोद होऊन बसतो. तुमच्या शाळेत काही बदलताना एवढं ध्यानात ठेवा.

हे प्रश्न जुनेच आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेती आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं. आपल्याकडे मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. घरात मराठी बोलणारी कितीतरी माणसं शाळेत उर्दूतून शिकली. माझे आजोबा मरेपर्यंत हिशेब उर्दू आकड्यांत मांडायचे. शिकायचं कोणत्या भाषेत, हे सत्ता कशी ठरवते, ते मला कुठल्या प्रशिक्षणापेक्षा त्यांच्या वहीतून जास्त कळलं.

पायरी २: निष्पत्ती घ्या आणि पुरावा लिहा

पुस्तक बाजूला ठेवा. इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींची यादी घ्या. बहुतेक शाळांत ती कपाटात किंवा भिंतीवर असते आणि तपासणीच्या दिवशी तिच्यावरची धूळ झटकली जाते. 'मूल अमुक करू शकते' अशा वाक्यांची ही यादी आहे. प्रत्येक वाक्यापुढे एकच गोष्ट लिहायची: मला हे दिसेल कशात?

'आयताचे क्षेत्रफळ काढते' यापुढे 'स्वाध्याय सोडवला' असं लिहू नका. 'टेप हातात दिला तर वर्गाच्या जमिनीला किती फरशा लागतील ते काढून दाखवतं' असं लिहा. पुरावा आधी ठरला की शिकवणं आपोआप बदलतं. अभ्यासक्रमाच्या शास्त्रात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडलेले चार प्रश्न अजून टिकून आहेत: कशासाठी शिकवायचं, कोणते अनुभव द्यायचे, ते कशा क्रमानं रचायचे, आणि साधलं की नाही हे कसं ओळखायचं. आपण शाळांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनुक्रमणिकेवर सोडतो आणि चौथ्याचं परीक्षेवर.

एका विषयाच्या सगळ्या निष्पत्ती एका दिवसात होत नाहीत. भाषा आणि गणित एवढंच पहिल्या वर्षी करा.

पायरी ३: मूल कुठं उभं आहे ते बघा

जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाला पाच मिनिटं जवळ बसवा. एक परिच्छेद वाचून घ्या, एक हातच्याची वजाबाकी, एक भागाकार. लेखी चाचणीत शेजारचा मदत करतो, जवळ बसवलं की कळतं. मी वहीत मुलाच्या नावापुढे गुण लिहीत नाही, वाक्य लिहितो: 'जोडाक्षराशी अडतो', 'शून्यातून उसनं घेता येत नाही'.

याच वेळी डोळे आणि कानही बघा. माझ्या वर्गात एक मुलगी वर्षभर 'लक्ष देत नाही' या सदरात होती, शेवटी तिला चष्मा लागला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते यायच्या आधी तुमची यादी तयार असली तर तपासणीची सही होण्यापलीकडे काही घडतं.

द्विशिक्षकी शाळेत एकेका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात. तिथं इयत्तेपेक्षा हे गट जास्त कामाचे. तिसरी आणि चौथीतली, वजाबाकीला अडणारी सात मुलं एकत्र बसवली तर कुणाचं काही बिघडत नाही.

पायरी ४: दिवस मोजा

शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास सांगतो, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. कागदावर.

कॅलेंडर काढा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या वीस तारखेपर्यंत आठवडे होतात अठरा, शाळेचे दिवस एकशे आठ. त्यातून पोळा, गणपती, मुक्तिसंग्राम दिन, दसरा, स्थानिक सुट्ट्या, चाचण्या वजा करा. नव्वदीच्या आसपास उरतात. टोळी लवकर निघाली तर आणखी कमी. माझ्या वर्गातल्या एक तृतीयांश मुलांसाठी 'शैक्षणिक वर्ष' म्हणजे हे नव्वद दिवस आणि एप्रिलचे थोडे. मार्चपासून सकाळची शाळा, तासही आखूड. धाराशिव-लातूरकडे असाल तर येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, धरा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आंबील-भज्जीच्या गुंगीत कोणी अपूर्णांक शिकत नाही.

पायरी ५: क्रम मोडा

सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे, आणि सगळ्यात जास्त भीतीही. 'पुस्तकाचा क्रम बदलला तर चालेल का?' असं प्रत्येक नवा शिक्षक विचारतो. वर्षअखेर निष्पत्ती साधायची आहे. वार्षिक नियोजन तुम्ही स्वतः लिहिता. ते कारणासह लिहा, मुख्याध्यापकांची सही घ्या, केंद्रप्रमुखांना दाखवा. मला आजवर कोणी अडवलं नाही. एका साहेबांनी फक्त विचारलं, "मग घटक चाचणीचं काय करता?" रास्त प्रश्न होता. चाचणीचा अभ्यास ठरलेला असेल तर तो आधी मिळवा आणि तुमचा क्रम त्याच्याशी जुळवा.

करायचं असं. प्रत्येक घटकाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहा. जमिनीवर मांडा. आता प्रत्येक चिठ्ठीला विचारा, हिच्यावाचून पुढची कोणती अडते? पाचवीच्या गणितात संख्याज्ञानावाचून गुणाकार-भागाकार अडतो, भागाकारावाचून विभाजक, विभाजकावाचून भिन्नच्छेद अपूर्णांक, आणि अपूर्णांकावाचून दशांश. ही एक लांब साखळी झाली. बाजूला काही चिठ्ठ्या सुट्या पडतात: रोमन संख्याचिन्हं, वर्तुळ, त्रिमितीय वस्तू, चित्रालेख. त्यांना कोणाची फार वाट बघावी लागत नाही, आणि त्याही कोणाला अडवत नाहीत.

साखळी दिवाळीच्या आत, सुट्या चिठ्ठ्या दिवाळीनंतर. एवढंच.

रोमन अंकांना पुस्तकात मानाचं पान असलं तरी मी त्यांना नोव्हेंबरातले दोन तास देतो. घड्याळावर वाचता आले, झालं. अपूर्णांकाला ऑगस्टभर देतो. जी मुलं गावात राहतात त्यांचं यात नुकसान नाही. दिवाळीनंतर वर्ग लहान होतो, त्यांना साखळीची उजळणीही मिळते आणि सुटे घटकही.

एक सांगतो. घाई करून सगळंच पुस्तक दिवाळीआधी उरकायचा मोह होतो. मी एक वर्ष केलं. सप्टेंबरात मुलं गप्प बसायला लागली. नव्वद दिवसांत काय सोडायचं हे ठरवता आलं नाही, तर काय शिकवायचं हेही ठरत नाही.

ऊसतोड नसलेल्या गावांतही हीच युक्ती चालते. कापूस वेचणीला दिवाळीच्या मागेपुढे हजेरी घटते, सोयाबीनच्या काढणीला घटते. तुमच्या हजेरीपटाची मागची तीन वर्षं काढा, महिनावार बेरीज करा. अभ्यासक्रमाचा खरा नकाशा तिथंच आहे.

पायरी ६: एक घटक पुरता बांधा

सगळे धडे नव्यानं रचायचे नाहीत, तेवढा वेळ कोणाकडं नाही. वर्षात प्रत्येक विषयाचे दोन घटक मन लावून बांधा. माझा एक घटक पावसाचा. जुलै-ऑगस्टमध्ये घेतो. त्यात क्षेत्रफळ, गुणाकार, लिटरचं मापन आणि परिसर अभ्यासातलं पाणी एकत्र येतं.

पहिल्या दिवशी पर्जन्यमापक. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे फनेल होतं. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, तिथं पट्टीचं मोजमाप खोटं निघतं. म्हणून तळाशी खडे आणि पाणी घालून बाटली जिथं सरळ होते तिथं शून्याची खूण करायची. हे मला चौथ्या वर्षी सुचलं. तोवर आमच्या गावात रोज जरा जास्तच पाऊस पडायचा.

दुसऱ्या दिवशी प्रश्न: २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? मुलं म्हणतात, "बाटलीभर." मग सपाट फरशीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखायचा, चारी कडांना विटा लावून वर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा. त्यात मापानं दहा लिटर पाणी ओतायचं आणि पट्टी उभी करायची. एक सेंटिमीटर. दहा लिटरला दहा मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे फळ्यावर सांगितलं तर पाठ होतं. ओतून बघितलं की शांतता पसरते, आणि मग कोणीतरी म्हणतं, "मंग आपल्या स्लॅबवर किती?"

तिथून गाडी मुलं हाकतात. वर्गखोली आधी पावलांनी मोजतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, भांडण होतं, मग टेप मागतात. टेपची गरज पटेपर्यंत तो कपाटातच ठेवायचा. आमची खोली ६ मीटर लांब, ५ रुंद. ३० चौरस मीटर. २५ मिलिमीटर पडला तर ७५० लिटर. एका मुलानं ३० गुणिले २५ बरोबर केलं आणि पुढं लिहिलं '७५० मिलिमीटर'. मी खोडलं नाही. म्हणालो, "एवढा पाऊस आपल्याकडं वर्षात पडतो रे." तो पळत बाटलीपाशी गेला, बघून आला आणि स्वतःच 'लिटर' लिहिलं. एकक का लिहायचं, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं.

पुढं घरं येतात. एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. हा आकडा मुलांच्या घरी सगळ्यांना तोंडपाठ, कारण नुकसानभरपाई त्यावर अडते. ६५ ला आमच्या स्लॅबवर १,९५० लिटर. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला तर आमच्या एका स्लॅबवर २१,००० लिटर पडतं. मग ती अख्खी गाडी भरायला अशा किती खोल्या लागतील? भागाकार मोठा आहे, पण पाचवीच्या पोरांनी तो कोणी न सांगता केला. चोवीसला थोडंसं कमी.

घटक बांधताना एवढं बघा की शेवटचा प्रश्न मुलांच्या घरातल्या कोणाला तरी सांगण्याजोगा असेल.

पायरी ७: घरच्या शब्दाला वर्गात जागा द्या

परभणी-हिंगोलीकडचं पोरगं 'आखाडा' म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शेतातला गोठा आणि खोप असते. पुस्तकात आखाड्यात पैलवान असतात. आमच्याकडं भाजीला 'माळवं'. बंजारा तांड्यावरचं मूल आईला 'याडी' म्हणतं, किनवट-माहूरच्या गोंड-कोलाम पाड्यांवर तर शाळेची मराठी ही दुसरीच भाषा. अशा मुलाला पहिलीत 'बोलत नाही' म्हणून मागं टाकणं सोपं असतं.

वर्गात एक शब्दभिंत करा. डावीकडं घरचा शब्द, उजवीकडं पुस्तकातला. पहिले सहा महिने तोंडी उत्तर घरच्या भाषेत घ्या, लेखी हळूहळू पुस्तकाकडं न्या. 'कामून' म्हणणाऱ्या पोराला 'का म्हण' असं तिथल्या तिथं टोकलं की तो पुढच्या वेळी प्रश्नच विचारत नाही, हे मी स्वतः घडवून बघितलेलं आहे.

पायरी ८: मूल्यमापन वापरायचं कशाला

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्या निर्णयानुसार आकारिक (शिकवता-शिकवता होणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) यांचं प्रमाण पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५० आणि सातवी-आठवीला ४०:६० ठरलं. पुढं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालं तर पुन्हा संधी, त्यातही अडलं तर त्याच वर्गात. आमच्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ असा की फडावरून एप्रिलमध्ये येणाऱ्या पाचवीच्या मुलाला तीन आठवड्यांत परीक्षा. त्याची साखळी दिवाळीआधी झालेली नसेल तर ते तीन आठवडे काही वाचवत नाहीत.

आकारिक नोंदी मार्चअखेर एका रात्रीत लिहायची जुनी रीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं काय सांगू. दर शनिवारी पाच मुलांच्या नोंदी, एक ओळ प्रत्येकी, एवढं केलं तरी महिनाभरात वर्ग फिरून होतो. आणि ती ओळ सोमवारी काय शिकवायचं हे सांगणारी हवी. 'प्रगती समाधानकारक' यावरून सोमवारचं काही ठरत नाही.

लातूर पॅटर्नबद्दल पालक हमखास विचारतात. सराव, चाचणी, चुकांची उजळणी ही त्यातली शिस्त बारावीच्या मुलाला कामी आली, यात वाद नाही. चौथीच्या मुलाला नवोदयच्या प्रश्नसंचांवर बसवून मात्र वाचन येत नाही. आधी वाचन, मग संच.

पायरी ९: निघताना पाठीवर काय द्यायचं

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. सप्टेंबरची सभा या एकाच विषयाला ठेवा: कोण जाणार, कोण आजीआजोबांकडं राहणार, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव किती मुलांचा. मुकादमाला बोलवा. तो येतो, चहाही पितो, आणि कोणता कारखाना हे त्याच्याकडूनच नक्की कळतं.

जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते भरताना इयत्ता आणि गुण यांवर थांबू नका. मागं हातानं लिहा. माझा मजकूर असा असतो: 'समच्छेद बेरीज येते. भिन्नच्छेद निम्मा झाला, ल.सा.वि. काढताना अडते. वाचन चांगलं, मोठ्यानं वाचायला लाजते. गोष्टीची पुस्तकं द्यावीत.' खाली माझा फोन नंबर. तिकडच्या शाळेतल्या बाईंचा फोन दरवर्षी येतो असं नाही. मागच्या जानेवारीत एक आला. त्यांनी विचारलं, "ही मुलगी पावसाची बाटली मागते आहे, ती काय भानगड आहे?"